‘राष्ट्रीय शिक्षण तत्त्वज्ञानाची मुळे स्पष्ट करा (10 गुण)’ आणि आमच्या घरातलं भांडण

झेरॉक्सवाला (धागाकर्ता)

मंडळी, बिंदू चौकाच्या मागच्या अंगाला माझं झेरॉक्सचं दुकान आहे. परीक्षेच्या हंगामात गावभरच्या नोट्स माझ्या मशीनमधून जातात, त्यामुळं एकही तास न बसता मी निम्मा बी.एड. झालोय. परवा मात्र आमचीच पोरगी डी.एल.एड.चा गृहपाठ घेऊन काउंटरवर बसली. प्रश्न वर दिलाय तोच.

मैत्रिणीकडून आलेल्या नोट्समध्ये उत्तर तयारच होतं. वैदिक काळ चार ओळी. बौद्ध काळ चार ओळी. तक्षशिला, नालंदा. तिथनं एकदम 1835 चा मेकॉले, 1854 चा वुडचा खलिता, 1882 चा हंटर आयोग, मग राधाकृष्णन, मुदलियार, कोठारी हे आयोग, 1986 आणि 2020 ची धोरणं. एसटीच्या पाटीसारखं. थांबे सगळे लिहिलेत, गाडी कशाला निघालीय ते कुठंच नाही.

मी म्हटलं, "अगं, यात फुले कुठायत? शाहू महाराज कुठायत?"

ती म्हणाली, "पप्पा, ते ‘समाजसुधारक’ घटकात आहेत. हा घटक ‘तत्त्वज्ञान’ आहे."

आता सांगा. दुकानातनं मान बाहेर काढली की जोतिबांचा आणि बाबासाहेबांचा पुतळा दिसतो. रात्री जेवण झाल्यावर दसरा चौकात फेरी मारतो तिथं महाराज उभे, आजूबाजूला बोर्डिंगांच्या इमारती. आणि ही माणसं तत्त्वज्ञानात बसत नाहीत म्हणे!

माझ्या अडाणी मताप्रमाणं देशाचं शिक्षणाचं तत्त्वज्ञान एका प्रश्नात कळतं: पोर शाळेत आलं नाही तर चूक कुणाची? पोराची, बापाची, की सरकारची? मेकॉलेच्या पठडीतलं उत्तर असं की सगळी पोरं यायची गरजच नाही, वरच्या मूठभरांना शिकवा, ज्ञान आपोआप खाली झिरपेल. फुल्यांनी 1882 मध्ये हंटर आयोगाला सांगितलं की झिरपत नाही. महाराजांनी 1917 मध्ये सक्तीच्या शिक्षणाचा कायदाच केला. ही तीन उत्तरं म्हणजेच मुळं, असं मी पोरीला सांगितलं. तिला ते पटलेलं नाही. तुम्ही बोला.

पंचगंगाकाठ

चांगला विषय. मुळं शोधायची तर मेकॉलेच्या आधीची शोधा. 2 फेब्रुवारी 1835 ला ब्रिटिश संसदेत तो काय म्हणाला माहीत आहे ना? भारतभर फिरलो, एकही भिकारी, एकही चोर दिसला नाही, या देशाचा कणा मोडायचा तर त्याची जुनी शिक्षणपद्धती मोडली पाहिजे. आमच्या ग्रुपवर इंग्रजी मूळ मजकूर फोटोसकट आहे, टाकतो.

मोडीवाचक

दादा, टाकू नका. त्या तारखेला मेकॉले लंडनच्या संसदेत नव्हताच, तो कलकत्त्यात होता. 1834 ला आला आणि 1838 पर्यंत इथंच होता. 2 फेब्रुवारी 1835 ही तारीख त्याच्या शिक्षणावरच्या टिपणाची आहे, आणि त्या टिपणात हे वाक्य नाही. मेकॉलेला शिव्या द्यायला बनावट वाक्य कशाला पाहिजे? खऱ्या टिपणात तो लिहितो की चांगल्या युरोपीय ग्रंथालयातलं एक फडताळ भारत आणि अरबस्तानच्या सगळ्या वाङ्मयाच्या तोडीचं आहे. तेवढं पुरे.

भांडण मुळात पैशाचं होतं. 1813 च्या सनदेनं ईस्ट इंडिया कंपनीवर वर्षाला एक लाख रुपये शिक्षणावर खर्चायचं बंधन घातलं होतं. ते संस्कृत-अरबीवर खर्चायचे की इंग्रजीवर, याचा तो निकाल. गावातल्या पोरांसाठी वेगळे किती, हा प्रश्न दोन्ही बाजूंना पडलेला नव्हता.

आता मेकॉलेच्या आधीचं. गावोगाव शाळा होत्या हे खरं. मद्रास इलाख्यात गव्हर्नर मन्रोनं 1822 नंतर पाहणी करवली, तिच्यात हजारोंनी देशी शाळा सापडल्या, आणि शूद्र गणलेल्या जातींची पोरंही पुष्कळ होती. ‘ब्राह्मणांशिवाय कुणी शिकतच नव्हतं’ म्हणणाऱ्यांनी ती पाहणी वाचावी. ‘सगळे शिकत होते’ म्हणणाऱ्यांनीही वाचावी, कारण मुली बोटावर मोजण्याइतक्या आणि अस्पृश्यांची पोरं जवळपास नाहीतच.

आपल्याकडं पंतोजीची शाळा असायची. ओसरीवर धूळपाटी, बोटानं किंवा काडीनं अक्षर गिरवायचं, पुसायचं, परत गिरवायचं. मोडी वळण आणि तोंडी हिशेब. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. माझे आजोबा दुकानात बसल्या बसल्या ‘आठ औटे अठ्ठावीस’ करून मोकळे व्हायचे, मी अजून कॅल्क्युलेटर शोधते. शिक्षण कसदार होतं, शंका नाही. पण ओसरीच्या खालचं पोर खालीच राहायचं.

तांबडापांढरा

झेरॉक्सवाले भावा, आधी एक सांग, दोन्ही बाजू प्रिंट काढायला आता किती घेतोस? परवा लई कापलास.

बाकी पोरीचं बरोबर हाय. पेपरात जे छापलंय तेच लिव्हायचं, मार्क घ्यायचं, नोकरी लागली की मग तत्त्वज्ञान.

निवृत्त गुरुजी

वरील प्रतिसादाकडे दुर्लक्ष करून लिहितो. (प्रिंटबद्दल मात्र सहमत.)

धागाकर्त्याने 1882 वरून थेट 1917 वर उडी मारली. मध्ये एक माणूस राहिला, आणि तो आपल्या कागलात वाढलेला आहे. गोपाळ कृष्ण गोखले. जन्म कोकणातला, पण वडील कागलला नोकरीत होते. पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातही त्यांनी काही काळ काढला. शाहू महाराजही कागलच्या घाटग्यांचे. म्हणजे सक्तीच्या शिक्षणाची दोन मोठी नावे, एक नेमस्त ब्राह्मण आणि दुसरे ब्राह्मणेतर चळवळीचे आधारस्तंभ, दोन्ही एकाच लहानशा गावाशी जोडलेली. राजकारणात दोघांच्या वाटा वेगळ्या होत्या. या एका प्रश्नावर मात्र दोघांची मागणी एकच.

फुल्यांचे निवेदन 19 ऑक्टोबर 1882 चे. त्याचा कणा हिशेबाचा आहे, हे विद्यार्थ्यांना सांगावे लागते. सरकारचा महसूल बहुतांशी शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि तो खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर, हा त्यांचा आक्षेप. मागणी: निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा. ‘कुणाचा पैसा, कुणाची पोरं’ असा प्रश्न याआधी सरकारी आयोगासमोर इतक्या उघडपणे कुणी मांडल्याचे माझ्या वाचनात नाही.

आयोगाने ऐकून घेतले. सक्ती काही केली नाही. बडोद्यात सयाजीरावांनी 1893 मध्ये अमरेली तालुक्यात प्रयोग करून 1906 मध्ये सगळ्या संस्थानात सक्ती लागू केली. तो दाखला समोर ठेवून गोखल्यांनी 1911 मध्ये केंद्रीय कायदेमंडळात विधेयक आणले. मागणी अगदी माफक: 6 ते 10 वयाचे मुलगे, तेही स्थानिक संस्थेची तयारी असेल तिथेच. मार्च 1912 मध्ये मतदान झाले, 13 विरुद्ध 38. पडले. विरोधात फक्त गोरे नव्हते, आपले जमीनदारही होते. गुरे राखायला कोण जाणार, ही भीती.

आणि पाच वर्षांनी कोल्हापूर संस्थानात कायदा झाला. 7 ते 14 वयाची मुले, शिक्षण मोफत, आणि पोर पाठवले नाही तर पालकाला महिन्याला एक रुपया दंड. इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात 1918 साली विठ्ठलभाई पटेलांचा कायदा आला, तोही नगरपालिकांपुरता आणि त्यांच्या मर्जीवर.

उद्यमनगरचा

गुरुजी, आदर ठेवून दोन गोष्टी विचारतो. आम्ही कोल्हापूरकर महाराजांचं नाव निघालं की हात जोडतो आणि विचार करायचं थांबतो, म्हणून विचारतो.

एक. रुपया दंड. त्या काळच्या रोजंदारीवाल्याला रुपया म्हणजे थट्टा नव्हती. धागाकर्ता म्हणतो चूक कुणाची ते बघा. इथं तर चूक बापाची ठरवली. मग हे फुल्यांचं उत्तर कसं?

दोन. बोर्डिंग. मराठ्यांचं वेगळं, जैनांचं वेगळं, लिंगायतांचं वेगळं, मुसलमानांचं वेगळं, अस्पृश्यांचं वेगळं. याला राष्ट्रीय तत्त्वज्ञान म्हणायचं? माझे वडील ज्या बोर्डिंगात राहिले तिथं आजही नाव विचारायच्या आधी आडनाव विचारतात.

झेरॉक्सवाला

पहिल्या मुद्द्यावर मी गप्प. दुसऱ्यावर कुणीतरी बोला, माझ्याकडं गिऱ्हाईक आहे.

निवृत्त गुरुजी

दंडाबाबत: सक्ती दोन्ही बाजूंनी होती. बापाला दंड खरा, पण फी माफ, आणि शाळा काढायची जबाबदारी दरबाराची. नुसता दंड असता तर तुमचे म्हणणे मान्य केले असते.

बोर्डिंगबाबत तुमचा प्रश्न रास्त आहे. पण क्रम बघा. 1896 च्या सुमारास राजाराम कॉलेजला जोडून सर्वांसाठी एकच वसतिगृह झाले होते. नाव सर्वांचे, राहायला मात्र ब्राह्मणच, अशी गत झाली. मग 1901 मध्ये मराठा बोर्डिंग, जैन बोर्डिंग, पुढे 1906 मध्ये मुस्लिम, 1908 मध्ये अस्पृश्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. त्या काळी एका पंगतीला बसायला तयार नसलेल्या पोरांना एका खोलीत कोंबायचे, की आधी प्रत्येकाच्या डोक्यावर छप्पर आणायचे? महाराजांनी छप्पर निवडले. शाळांच्या बाबतीत मात्र त्यांनी उलटे केले. 1919 मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांची पोरे सर्वांच्या सरकारी शाळेत बसवण्याचा हुकूम काढला. राहणे वेगळे एक वेळ चालेल, वर्ग एकच. यातही एक विचार आहे. तुम्हाला तो अपुरा वाटू शकतो.

आता वेगळ्या बोर्डिंगातून काय निघाले ते ऐका. कुंभोजचा एक जैन पोरगा जैन बोर्डिंगात राहायचा. मिस क्लार्क बोर्डिंगच्या उद्घाटनाला गेला. परत आल्यावर त्याला सांगण्यात आले, अस्पृश्यांत जाऊन आलास, आंघोळ केल्याशिवाय आत यायचे नाही. पोरगा म्हणाला, करत नाही. बोर्डिंगातून नाव कमी झाले. भाऊराव पाटलांच्या चरित्रात ही गोष्ट हमखास येते. याच भाऊरावांनी 1919 मध्ये काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, साताऱ्याला सगळ्या जातींच्या पोरांचे एकच वसतिगृह चालवले आणि त्याला नाव दिले छत्रपती शाहूंचे. 1927 मध्ये गांधीजी तिथे येऊन गेले. ‘कमवा आणि शिका’ तिथलेच.

उद्यमनगरचा

आंघोळीची गोष्ट माहीत नव्हती. बोर्डिंगाचा विजय म्हणायचा की बोर्डिंगानं हाकलल्याचा, ते ठरवू द्या. आडनावाचा मुद्दा मी सोडलेला नाही.

रंकाळ्याची सई

सगळं ‘पोरगा, पोरगा’ चाललंय. मुली कुठायत? फुल्यांनी 1848 ला भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली तिथनं धागा सुरू व्हायला पाहिजे होता. आणि कोल्हापूरचंच सांगायचं तर संस्थानात मुलींच्या शिक्षणाचं काम रखमाबाई केळवकर बघत होत्या, त्यांची लेक डॉ. कृष्णाबाई केळवकर. गोखल्यांच्या विधेयकात नुसते मुलगे, हे गुरुजींनी लिहिलंय आणि पुढं निघून गेलेत.

निवृत्त गुरुजी

चूक मान्य.

गारगोटीकर

धाग्यावर उशिरा आलो. इतकं सगळं लिहिलं आणि भुदरगड-आजऱ्याकडं कुणी फिरकलं नाही, म्हणून राग आलाय.

झेरॉक्सवाले, तुमच्या पोरीच्या नोट्समध्ये ‘कोठारी आयोग 1964-66’ असं लिहिलंय ना? अध्यक्ष दौलतसिंग कोठारी, मोठे शास्त्रज्ञ. पण आयोगाचे सदस्य-सचिव कोण होते? जे. पी. नाईक. जन्म बहिरेवाडी, तालुका आजरा, 5 सप्टेंबर 1907. होय, 5 सप्टेंबर. सगळा देश त्या दिवशी राधाकृष्णन यांच्या फोटोला हार घालतो, आमच्या बहिरेवाडीच्या माणसाचाही वाढदिवस असतो हे आजऱ्यातल्या मास्तरांनाही सांगावं लागतं.

हा माणूस दिल्लीला जायच्या आधी गारगोटीत होता. मौनी विद्यापीठ उभं करणाऱ्यांत होता. पाटगावच्या मौनी महाराजांच्या नावानं. केंद्र सरकारनं 1956 मध्ये देशभरात थोड्या ग्रामीण संस्था निवडल्या त्यात गारगोटी होती. माझे वडील तिथं शिकले. त्यांची वही अजून घरात आहे: एका पानावर अर्थशास्त्र, पुढच्या पानावर बांध घालायचं मोजमाप, उतार किती, माती किती ब्रास. सकाळी वर्ग आणि दुपारी फावडं. आई म्हणायची, यांना पदवी दिली का मुकादमकी? गांधीजींची वर्ध्याची नयी तालीम (1937, हाताच्या कामातून शिक्षण) कागदावर वाचणारे पुष्कळ, फावडं हातात घेतलेले थोडे.

आता कोठारी अहवाल उघडा. पहिलं वाक्य असं की भारताचं भवितव्य आता त्याच्या वर्गांमध्ये घडतं आहे. पुढं काय मागितलंय? कार्यानुभव. हाच तो आपण शाळेत खडू-मेणबत्त्या करून संपवलेला तास. राष्ट्रीय उत्पन्नाच्या 6 टक्के शिक्षणावर. आणि शेजारशाळा, म्हणजे वस्तीतलं प्रत्येक पोर, कलेक्टरचं असो की हमालाचं, वस्तीतल्याच शाळेत. 1919 चा महाराजांचा हुकूम आणि 1966 ची शेजारशाळा शेजारी शेजारी ठेवून वाचा. मी असं म्हणत नाही की नाईकांनी महाराजांचं उतरवून काढलं. पण ज्या मुलखात तो माणूस वाढला तिथल्या हवेत ते होतंच.

6 टक्के अजून गाठलेले नाहीत. 1968 च्या धोरणात होते, 1986 च्या धोरणात होते, 2020 च्या धोरणातही आहेत. घराण्यातल्या जुन्या देण्यासारखं, प्रत्येक पिढी वहीत नवीन पानावर उतरून घेते.

तांबडापांढरा

गारगोटीकर, नाद खुळा. वडिलांच्या वहीचा फोटो टाका की.

नव्वदचं पोरगं

चूक कुणाची या प्रश्नावर एक अनुभव. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत, पन्हाळ्याकडच्या वाडीत. 1995 ला केंद्राची पोषण आहार योजना आली. तेव्हा शिजवलेलं नव्हतं, महिन्याला तीन किलो तांदूळ घरी, आणि हजेरी 80 टक्के भरली तरच. एक महिना मला ताप आला, हजेरी भरली नाही. बाकीची पोरं खताच्या पिशव्या धुऊन त्यात तांदूळ घेऊन निघाली आणि मी हात हलवत. आईनं मास्तरांना काही म्हटलं नाही. मला म्हणाली, पुढच्या महिन्यात पेज पिऊन पण जायचं.

2001 मध्ये सुप्रीम कोर्टानं शिजवलेलं जेवण द्या म्हणून आदेश दिला. धाकटी बहीण खिचडी खाऊन शिकली. तिला हजेरीची टक्केवारी माहीतच नाही, कारण गेली त्या दिवशी जेवली, विषय संपला.

मला विचाराल तर बोर्डिंग आणि खिचडी ही एकाच झाडाची फळं. आधी ताट, मग पाटी.

पंचगंगाकाठ

मेकॉलेचं वाक्य मी ग्रुपवरून काढून टाकलं. दोघांनी मलाच देशद्रोही म्हटलं. असो. पण 2020 च्या धोरणावर बोला ना. पहिलीपासून हिंदीचं यंदा काय…

व्यवस्थापक

पहिलीपासून हिंदी, त्रिभाषा सूत्र आणि मागे घेतलेले शासननिर्णय यांसाठी वेगळा धागा आहे, त्यावर आधीच चारशे प्रतिसाद आणि तीन आयडी बंद आहेत. इथं नको. पंचगंगाकाठ यांच्या प्रतिसादाचा पुढचा भाग उडवला आहे.

मोडीवाचक

भाषा सोडून 2020 बद्दल. त्या धोरणाच्या सुरुवातीला वारशाची यादी आहे. संस्था: तक्षशिला, नालंदा, विक्रमशिला, वल्लभी. माणसं: चरक, सुश्रुत, आर्यभट, पाणिनी, मैत्रेयी, गार्गी, तिरुवल्लुवर आणि आणखी काही. सगळी आदराचीच. पण ही यादी ‘ज्ञान कुणी निर्माण केलं’ याची आहे. ‘शाळेचं दार कुणी उघडलं’ याची यादी वेगळी, आणि ती त्या पानावर नाही. पोरीच्या नोट्स म्हणजे त्या पानाचीच झेरॉक्स आहे. (सॉरी, तुमच्या धंद्यावर बोलायचं नव्हतं.)

दुसऱ्या यादीचा धागा राज्यघटनेत सापडतो. मूळ कलम 45: दहा वर्षांत 14 वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण देण्याचा राज्य प्रयत्न करील. म्हणजे 1960 पर्यंत. झालं नाही, कारण ते मार्गदर्शक तत्त्व होतं, त्यावर कोर्टात जाता येत नव्हतं. 1993 मध्ये सुप्रीम कोर्टानं उन्नीकृष्णन खटल्यात तो मूलभूत हक्क मानला, 2002 मध्ये 86 वी घटनादुरुस्ती होऊन कलम 21 क आलं, 2009 चा शिक्षण हक्काचा कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. आणि आता झेरॉक्सवाल्यांचा प्रश्न. ‘सक्ती’ या शब्दाचा अर्थ या कायद्यात उलटा केलाय. सक्ती सरकारवर आहे. प्रवेश, हजेरी आणि शिक्षण पूर्ण होणं हे बघायची जबाबदारी शासनाची. बापाचंही कर्तव्य लिहिलंय, पण रुपया दंड नाही. उद्यमनगरच्या दादांचा पहिला मुद्दा तिथं मिटतो.

उद्यमनगरचा

कागदावर मिटतो. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करायचं म्हणतात तेव्हा वाडीतलं पोर चार किलोमीटर चालून गेलं नाही, तर चूक कुणाची?

गारगोटीकर

भुदरगडात या. पावसात दाखवतो ते चार किलोमीटर.

आजऱ्याची सून

शेजारशाळेवर सगळे भरभरून बोलताय म्हणून विचारते. इथं लिहिणाऱ्यांपैकी कुणाकुणाची पोरं महानगरपालिकेच्या शाळेत आहेत? माझी नाहीत. सकाळी साडेसातला व्हॅन येते, घरासमोरच्या पालिकेच्या शाळेला वळसा घालून इंग्रजी माध्यमाकडं जाते.

निवृत्त गुरुजी

माझा नातूही त्याच व्हॅनमध्ये असावा.

तांबडापांढरा

माझी दोन्ही मनपाच्या शाळेत हायत. पैसं न्हाईत म्हणून, तत्त्वज्ञान म्हणून न्हवं. पण बाई चांगल्या हायत. थोरली आठ औटे अठ्ठावीस न्हाई म्हणत, पण गणितात पैली आली.

झेरॉक्सवाला

माझी पोरगी इंग्रजी माध्यमातलीच. आता ती मराठी शाळेत शिकवायला जाणार आहे, सरावपाठ सुरू झालेत. बोलायला तोंड नाही, म्हणून चार दिवस गप्प होतो.

पण निकाल सांगतो. तुमचे सगळे प्रतिसाद प्रिंट काढून तिला दिले (दोन्ही बाजू, फुकट). रात्री दोनपर्यंत लिहीत बसली. वेद-बौद्ध काळ एका पानात आटपला, मग फुल्यांचा महसुलाचा हिशेब, 13 विरुद्ध 38, आंघोळ न करणारा पोरगा, बहिरेवाडी, तीन किलो तांदूळ, कलम 21 क. सईताई, भिडेवाडा आणि केळवकर मायलेकी पण आहेत. मौनी विद्यापीठाच्या वहीचं पान तिनं हातानं काढलं, उताराच्या रेषेसकट.

काल वही परत आली. दहापैकी सहा. खाली लाल शाईत शेरा: ‘मांडणी चांगली. कोल्हापूर जास्त.’

नोट्स उतरलेल्या मैत्रिणीला आठ.

गारगोटीकर

तो शेरा लॅमिनेट करून दुकानात लावा. पैसे मी देतो.

तांबडापांढरा

लॅमिनेशनला किती घेतोस ते आधी इचारून घ्या.